नेत्रभिंगाची पारख

दुर्बीण हा शब्द कानीं पडतांच बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो असा : "ही किती पटींनीं मोठें दाखविते?" प्रश्न स्वाभाविक आहे, आणि तो विचारणाऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं, दुकानांतील खोक्यावरहि तोच आंकडा ठळक छापलेला असतो. परंतु ३६ वर्षें मुलांना गणित व भूगोल शिकविल्यावर, आणि त्यांतील बरींच वर्षें शाळेच्या गच्चीवर रात्रीं त्यांना आकाश दाखविल्यावर, माझें मत असें बनलें आहे कीं, ह्या एका प्रश्नामुळें जितक्या दुर्बिणी माळ्यावर जाऊन पडल्या असतील तितक्या मोडतोडीनें किंवा गंजानें पडल्या नसतील. म्हणून दुर्बिणीच्या ज्या लहानशा भागास आपण डोळा लावतों त्याविषयीं आज चार शब्द बोलावे असें मीं योजिलें आहे. मराठींत त्यास नेत्रभिंग अथवा नेत्रिका म्हणतात. हौशी मंडळी सर्रास 'आयपीस' म्हणतात. ज्यांच्या योगानें वस्तु दीडशें, दोनशें, तीनशें पटींनीं मोठी दिसते अशीं नेत्रभिंगें कशीं पारखावीं, आणि त्यांतून आपणांस योग्य तें कसें निवडावें, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम दुर्बिणीची रचना थोडक्यांत पाहूं. तिचीं मुख्य कामें दोन, आणि तीं करणारे अवयवहि दोन. पुढच्या टोकाचें मोठें भिंग, किंवा परावर्तक दुर्बिणींत तळाशीं बसविलेला अंतर्वक्र आरसा, ताऱ्यांचा प्रकाश गोळा करून त्यांची एक लहानशी प्रतिमा तयार करतो. आरशापासून ही प्रतिमा जितक्या अंतरावर पडते त्या अंतरास आरशाचें केंद्रांतर म्हणतात. नेत्रभिंगाचें काम ह्यानंतर सुरू होतें. घड्याळजी डोळ्यास भिंग लावून घड्याळांतील चक्रें पाहतो, त्याचप्रमाणें नेत्रभिंग ती तयार प्रतिमा आपणांस मोठी करून दाखवितें. किती मोठी, ह्याचा हिशेब प्राथमिक शाळेंतील भागाकाराचा आहे. आरशाच्या केंद्रांतरास नेत्रभिंगाच्या केंद्रांतरानें भागिलें कीं वर्धन निघतें. आमच्या शाळेच्या दुर्बिणीचा आरसा १५० मिलिमीटर, म्हणजे सुमारें ६ इंच व्यासाचा असून त्याचें केंद्रांतर १२०० मिलिमीटर आहे. तिला २५ मिलिमीटरचें नेत्रभिंग लावलें तर वर्धन ४८ पट होतें. १२ मिलिमीटरचें लावलें तर १०० पट. ६ मिलिमीटरचें लावलें तर २०० पट, आणि ४ मिलिमीटरचें लावलें तर ३०० पट. नेत्रभिंग जितकें लहान केंद्रांतराचें, तितकें वर्धन मोठें. येथें माझ्यापाशीं फळा नाहीं, म्हणून हे चार आंकडे तोंडींच सांगितले. पुढें ते लागणार आहेत.

ह्यावरून कोणी म्हणेल कीं, मग ३ मिलिमीटरचें, २ मिलिमीटरचें नेत्रभिंग लावीत जावें आणि हवें तितकें वर्धन मिळवावें. तेथेंच खरी गोम आहे. कणकेचा उंडा तितकाच ठेवून पोळी जितकी मोठी लाटावी तितकी ती पातळ होत जाते, आणि शेवटीं फाटते. दुर्बिणीचेंहि असेंच आहे. आरशानें गोळा केलेला प्रकाश हा तो उंडा. तो नेत्रभिंगानें वाढत नाहीं. वर्धन दुप्पट केलें कीं ग्रहाच्या बिंबाचें क्षेत्रफळ चौपट होतें, आणि तोच प्रकाश चौपट जागेवर पसरल्यामुळें बिंबाचें तेज एक चतुर्थांश उरतें. तेज कमी होणें हा एक भाग झाला. पोळी फाटते ती कोठें, तेंहि पाहिलें पाहिजे.

प्रकाश लहरींच्या रूपानें चालतो. त्यामुळें तारा आपल्या दृष्टीनें केवळ बिंदु असला तरी दुर्बिणींत त्याची प्रतिमा बिंदु नसते. एक सूक्ष्म चकती व तिच्याभोंवतीं अतिशय फिकट कडीं, अशी ती असते. ह्याचें गणित जॉर्ज एअरी ह्या इंग्रज ज्योतिर्विदानें १८३५ मध्यें मांडलें. आरसा जितका मोठा, तितकी ही चकती लहान. दोन तारे इतके जवळ असले कीं त्यांच्या चकत्या एकमेकींत मिसळून जातात, तर जगांतील कोणतेंहि नेत्रभिंग त्यांस वेगळे करूं शकत नाहीं. विल्यम डॉज ह्या निरीक्षकानें अनेक जोडताऱ्यांचा अनुभव घेऊन १८६७ मध्यें एक सोपा नियम दिला. आजच्या मापांत तो असा : ११६ ह्या संख्येस आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरांनीं भागावें, म्हणजे ती दुर्बीण किती विकलांचें अंतर ओळखूं शकेल तें कळतें. एका अंशाच्या ६० कला व एका कलेच्या ६० विकला, हें आपणांस ठाऊक आहेच. आमच्या आरशाची ही मर्यादा ०.७७ विकला येते. आतां माणसाचा निकोप डोळा सुमारें एका कलेचें अंतर ओळखतो, आणि दोन-अडीच कलांचें अंतर असलें म्हणजे त्यास मुळींच ताण पडत नाहीं. ०.७७ विकलांस २०० नीं गुणिलें तर १५४ विकला, म्हणजे अडीच कलांहून थोडें अधिक, येतात. अर्थात् आमच्या आरशाजवळ जें कांहीं देण्यासारखें आहे तें जवळजवळ सर्व २०० पटींत पदरांत पडतें. त्यापुढें ३०० पटींपर्यंत गेल्यास जोडताऱ्यांसारख्या तेजस्वी वस्तूंत पाहण्याची थोडी सोय होते. नवीन बारकावा कांहीं मिळत नाहीं. म्हणूनच आरशाच्या व्यासाचे जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट, ही वर्धनाची शेवटची पायरी समजावी असा प्रघात पडला आहे.

मागें एका दिवाळींत एक गृहस्थ आपल्या मुलीसाठीं घेतलेली दुर्बीण मजकडे घेऊन आले. भिंग ६० मिलिमीटर व्यासाचें, केंद्रांतर ७०० मिलिमीटर, आणि खोक्यावर छापलेला आंकडा ५२५ पट. तो आंकडा भागाकारानें खोटा नव्हता. ४ मिलिमीटरच्या नेत्रभिंगानें १७५ पट होतात, आणि सोबत दिलेलें तिपटीचें बार्लो भिंग मध्यें घातलें कीं बरोबर ५२५. परंतु ६० मिलिमीटरच्या भिंगास १२० पटींच्या पलीकडे जाण्याचा अधिकार नाहीं. आणखी एक हिशेब करून पाहिला. भिंगाच्या व्यासास वर्धनानें भागिलें म्हणजे नेत्रभिंगांतून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका किती जाड आहे तें निघतें. ६० भागिले ५२५ म्हणजे मिलिमीटरचा फक्त नववा हिस्सा! असल्या सुईसारख्या शलाकेंतून पाहतांना ग्रहापेक्षां आपल्याच डोळ्यांतील तरंगणारे कण व धागे अधिक स्पष्ट दिसतात. त्या मुलीनें आठ दिवस प्रयत्न करून दुर्बीण मिटून ठेविली होती. आपल्याला पाहतां येत नाहीं, अशी तिची समजूत झाली होती. खोक्यांतील २० मिलिमीटरचें दुसरें नेत्रभिंग मीं लावलें. वर्धन अवघें ३५ पट. त्यांत चंद्राचीं विवरें आलीं, गुरूचे चार चंद्र एका ओळींत आले, आणि मुलीचा चेहरा उजळला. दुर्बीण गरीब होती, पण निरुपयोगी नव्हती; तिच्यावर न पेलणारें ओझें लादलें होतें, इतकेंच.

दुसरी मर्यादा हवेची. आपल्या डोक्यावरील वातावरण वाहत्या ओढ्याप्रमाणें सतत हलत असतें, आणि दुर्बीण ग्रह जितक्या पटींनीं मोठा करते तितक्याच पटींनीं ही हालचालहि मोठी करते. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या गच्चीवरून किंवा पत्र्याच्या छपरावरून वर चढणाऱ्या उष्ण हवेंतून पाहिल्यास गुरूचें बिंब उकळत्या पाण्याच्या तळाशीं ठेवल्यासारखें थरथरतें. अशा रात्रीं २०० पटींचें नेत्रभिंग काढून १०० पटींचें लावावें. तें लहान परंतु स्थिर बिंब अधिक कांहीं शिकवितें. मातीच्या अंगणांत किंवा गवतावर दुर्बीण मांडावी, आणि आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होण्यासाठीं ती तासभर आधीं बाहेर काढून ठेवावी. ह्या बाबतींत महाराष्ट्रांतील निरीक्षक भाग्यवान् आहे. ग्रह क्रांतिवृत्ताच्या आसपासच फिरतात, आणि क्रांतिवृत्त विषुववृत्ताच्या दक्षिणेस फार तर साडेतेवीस अंश जातें. पुण्याचे अक्षांश सुमारें साडेअठरा. म्हणून ग्रह अगदीं दक्षिणेस असला तरी मध्यमंडलावर येतांना तो आपल्या क्षितिजापासून सुमारें ४८ अंश उंच असतो. लंडनच्या निरीक्षकास तोच ग्रह १५ अंशांवर, धुरकट व जाड हवेच्या थरांतून पाहावा लागतो. पावसाळ्याचे चार महिने आपले जातात हें खरें. पण उरलेल्या आठांत मोठें वर्धन वापरण्याची संधि आपणांस त्यांच्याहून अधिक मिळते.

मोठें वर्धन कशासाठीं असावें, ह्याचा एक आदर्श सांगतों. १३ मार्च १७८१ च्या रात्रीं इंग्लंडमधील बाथ ह्या गांवीं विल्यम हर्शेल नांवाचा एक संगीतज्ञ स्वतः घडविलेल्या, सहा इंचांहून किंचित् मोठ्या आरशाच्या दुर्बिणींतून तारे तपाशीत होता. वर्धन २२७ पट होतें. एक तारा त्यास इतरांहून किंचित् मोठा भासला. त्यानें लगेच नेत्रभिंग बदलून ४६० पट, व पुन्हा बदलून ९३२ पट वर्धन लावलें. त्याचा पूर्वानुभव असा होता कीं, वर्धन वाढविलें तरी खरे तारे त्या प्रमाणांत मोठे होत नाहींत. ग्रहाचें बिंब मात्र होतें. ही वस्तु वर्धनाच्या प्रमाणांत वाढत गेली, आणि अंधुकहि होत गेली. शेजारचे तारे मात्र जसेच्या तसे तेजस्वी राहिले. आरंभीं त्यास तो धूमकेतु वाटला. पुढें तो नवा ग्रह ठरला; त्यासच आपण युरेनस म्हणतों. आमच्या मर्यादेच्या नियमानें पाहिलें तर ९३२ पट हें वर्धन फाजीलच. परंतु हर्शेलच्या मनांत एक निश्चित प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं त्यानें तीन नेत्रभिंगें एकामागून एक लावून त्यांची तुलना केली. तुलना अशी असावी.

आतां नेत्रभिंगांच्या जातींकडे वळूं. क्रिस्तियान हायगेन्स ह्या डच विद्वानानें १६५९ मध्यें शनीभोंवतीं कडें आहे हें जगास सांगितलें; त्याच्याच नांवानें ओळखलें जाणारें दोन साध्या भिंगांचें नेत्रभिंग सतराव्या शतकांतील आहे. लांब केंद्रांतराच्या जुन्या दुर्बिणींस तें छान शोभे; आजच्या आंखूड दुर्बिणींत त्याच्या कडेस प्रतिमा फिसकटते. लंडनचा उपकरणकार रॅम्सडेन ह्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि जर्मनींत केल्नर ह्यानें १८४९ मध्यें त्यांत सुधारणा केल्या. व्हिएन्नाच्या प्लॉसल ह्यानें १८६० मध्यें दोन जोडभिंगें समोरासमोर बसविलीं. जेना येथील अबे ह्यानें १८८० मध्यें तीन भिंगें एकत्र चिकटवून त्यांपुढें चौथें ठेविलें, आणि त्यापासून ऑर्थोस्कोपिक नेत्रभिंग झालें. ग्रहनिरीक्षकांनीं पुढें शंभर वर्षें ह्या शेवटच्या नेत्रभिंगाची पूजा केली, आणि ती अकारण नव्हती. अमेरिकेंतील अल् नागलर हा पूर्वीं चंद्रावर उतरण्याचा सराव अंतराळवीरांस देणाऱ्या यंत्राच्या भिंगरचनेवर काम करीत असे. त्यानें १९८० च्या सुमारास ८२ अंशांचें विस्तीर्ण क्षेत्र दाखविणारें नेत्रभिंग बाजारांत आणलें. ऑर्थोस्कोपिकमध्यें हें क्षेत्र सुमारें ४५ अंशांचें, प्लॉसलमध्यें ५० अंशांचें असतें. नव्या विस्तीर्ण नेत्रभिंगांत सहा-सात किंवा अधिक भिंगें असतात. पूर्वीं इतकीं भिंगें घालणें परवडत नसे, कारण कांचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारें शेंकडा ४ प्रकाश परत फिरे, आणि तो इकडे तिकडे विखरून प्रतिमेवर धुकें आणी. १९३५ मध्यें झाइसच्या कारखान्यांतील स्माकुला ह्यानें कांचेवर अतिसूक्ष्म लेप देण्याची युक्ति काढली, आणि आजच्या अनेकपदरी लेपांनीं हा तोटा शेंकडा अर्ध्याच्याहि खालीं आणला आहे. म्हणून केवळ भिंगें मोजून नेत्रभिंगास नांवें ठेवण्याचे दिवस आतां राहिले नाहींत.

कांहीं वर्षांपूर्वीं, शनीचीं कडीं चांगलीं उघडलेलीं असतांना, आम्हीं शाळेच्या दुर्बिणीवर चार प्रकार लावून पाहिले. ६ मिलिमीटरचें ऑर्थोस्कोपिक, तेवढ्याच केंद्रांतराचें प्लॉसल, तेवढ्याच केंद्रांतराचें ८२ अंशांचें विस्तीर्ण, आणि चौथा प्रकार म्हणजे १२ मिलिमीटरचें प्लॉसल व त्यामागें दुपटीचें बार्लो भिंग. चारहि प्रकारांत वर्धन २०० पटच येतें. कांहीं नेत्रभिंगें मित्रमंडळींकडून मागून आणलेलीं होतीं. दुर्बीण एकच, वस्तु एकच, रात्र एकच, वर्धन एकच. ह्यावांचून केलेल्या तुलनेस कांहीं किंमत नाहीं. १०० पटींच्या स्थिर चित्राची २०० पटींच्या थरथरत्या चित्राशीं तुलना करून एका नेत्रभिंगास उत्तम व दुसऱ्यास टाकाऊ ठरविणारे पुष्कळ भेटतात. ते प्रत्यक्षांत हवेची परीक्षा करीत असतात.

निकाल पुढीलप्रमाणें लागला. क्षेत्राच्या मध्यभागीं, हवा शांत असतांना, शनीच्या कड्यांमधील कॅसिनीची काळी फट चारहि प्रकारांत सारखीच दिसली. ती फट आपल्याकडून पाहतां पाऊण विकलेच्या आसपास रुंद असते, म्हणजे परीक्षा सोपी नव्हती. मृग नक्षत्रांतील राजन्य ताऱ्याशेजारीं सुमारें साडेनऊ विकलांवर एक मंद सोबती आहे. मुख्य ताऱ्याच्या झगमगाटांत तो बुडून जातो. त्यास पाहतांना ऑर्थोस्कोपिकमध्यें ताऱ्याभोंवतालचें आकाश किंचित् अधिक काळें वाटलें. परंतु हा फरक सांगण्यासाठीं नेत्रभिंगें पांच-सहा वेळां आलटून पालटून लावावीं लागलीं. जो फरक इतक्या कष्टानें कळतो, त्यासाठीं कित्येक पट किंमत मोजण्यापूर्वीं गृहस्थाश्रमी माणसानें विचार करावा.

मोठा फरक दिसला तो दुसऱ्याच ठिकाणीं. आमच्या दुर्बिणीस ग्रहामागें फिरणारें यंत्र नाहीं. ती हातानेंच सरकवावी लागते. पृथ्वीच्या फिरण्यामुळें विषुववृत्ताजवळची वस्तु दर सेकंदास १५ विकला सरकते. २०० पटींवर ऑर्थोस्कोपिकमध्यें आकाशाचा साडेतेरा कला रुंदीचा तुकडा दिसतो, आणि शनि तो ५४ सेकंदांत ओलांडून जातो. प्लॉसलमध्यें त्यास मिनिटभर लागतें; विस्तीर्ण नेत्रभिंगांत सुमारें ९८ सेकंद. एकटा निरीक्षक ह्याची फिकीर करणार नाहीं. पण मागें तीस मुलांची रांग असली म्हणजे पहिला मुलगा स्टुलावर चढून डोळा लावीपर्यंतच ग्रह निसटलेला असतो. दुसरी गोष्ट डोळ्याच्या अंतराची. ६ मिलिमीटरच्या प्लॉसलांत किंवा ऑर्थोस्कोपिकमध्यें डोळा भिंगापासून जेमतेम ५ मिलिमीटरांवर आणावा लागतो. मुलांच्या पापण्या कांचेस लागतात, तीं दचकून मागें होतात, दुर्बिणीस धक्का बसतो आणि शनि हरवतो. विस्तीर्ण नेत्रभिंगांत हें अंतर १२ ते १५ मिलिमीटर होतें. १२ मिलिमीटरच्या प्लॉसलांत तें ९ मिलिमीटरांच्या घरांत असतें, आणि मागें बार्लो भिंग घातल्यानें कमी होत नाहीं.

आणि येथें एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली, ती कोणत्याहि पुस्तकांतील कोष्टकापेक्षां मला महत्त्वाची वाटते. मुलें खोटें बोलत नाहींत, पण भिडस्त असतात. मागें रांग उभी आहे, गुरुजी वाट पाहत आहेत, आणि आपणांस तर कांहींच दिसत नाहीं. अशा वेळीं मूल हळूच म्हणतें, "दिसलें," आणि खालीं उतरतें. तें "दिसलें" ऐकून मी पुढच्या मुलास बोलावीत असें. पुढें मीं प्रत्येकाच्या हातीं कागद व पेन्सिल देऊन, जें दिसलें तें तेथल्या तेथें काढावयास लावण्याची पद्धत ठेविली. ऑर्थोस्कोपिकच्या रांगेंतील पुष्कळशा कागदांवर पुस्तकांतला शनि उतरला होता : नीटस, गोल, सरळ उभा. विस्तीर्ण नेत्रभिंगाच्या व बार्लोच्या रांगेंतील कागदांवर कडीं तिरपीं होतीं, कोणी कड्याची सावली बिंबावर काढली होती, एकानें शेजारचा टायटन हा चंद्रहि ठिपका देऊन दाखविला होता. ही मुलें खरोखर पाहून उतरलीं होतीं. नेत्रभिंगाची तीक्ष्णता दोन्हींकडे सारखीच. परंतु डोळा नेमका कोठें ठेवावा ही अडचण एकींत होती, दुसऱ्यांत नव्हती. माझ्या हिशेबीं शाळेपुरती परीक्षा तेथें संपली.

मग घ्यावें कोणतें? ज्याच्यापाशीं साधी दुर्बीण व बेताचे पैसे आहेत त्यानें २५ मिलिमीटरचें एक व १० ते १२ मिलिमीटरचें एक, अशीं दोन चांगलीं प्लॉसलें घ्यावीं, आणि सोबत दुपटीचें उत्तम बार्लो भिंग ठेवावें. वुलिच येथील सैनिकी विद्यालयांत गणित शिकविणाऱ्या पीटर बार्लो ह्या अध्यापकानें एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत ही युक्ति काढली. एका अध्यापकाची देणगी म्हणून मला तिचें थोडें अधिकच कौतुक आहे. तिच्यामुळें दोन नेत्रभिंगांचीं चार होतात, आणि मोठ्या वर्धनासहि डोळा मोकळा राहतो. बार्लो स्वस्तांतलें, प्लास्टिकचें मात्र घेऊं नये. जो नेहमीं एकटाच ग्रह व जोडतारे पाहतो, ज्याच्या दुर्बिणीस फिरतें यंत्र आहे व जो चष्मा वापरीत नाहीं, त्यास ऑर्थोस्कोपिक अजूनहि मोठें समाधान देईल. ज्यास मुलांना, पाहुण्यांना, गांवकऱ्यांना दाखवावयाचें आहे त्यानें पैसे सांठवून एक विस्तीर्ण नेत्रभिंग घ्यावें. चष्मा लावणाऱ्यांस एक सूचना : केवळ दूरचें किंवा जवळचें न दिसण्याचा दोष असेल तर चष्मा काढून दुर्बीण आपल्या डोळ्यास जुळवून घ्यावी. दृष्टि वेडीवांकडी करणारा दोष असला तरी मोठ्या वर्धनांत प्रकाशाची शलाका मिलिमीटरहून बारीक असल्यामुळें तो बहुधा जाणवत नाहीं. ज्यांस चष्मा ठेवूनच पाहावयाचें आहे त्यांनीं डोळ्याचें अंतर १५ ते २० मिलिमीटर असलेलें नेत्रभिंग मागावें. खरेदीपूर्वीं नळीचा व्यासहि पाहावा. आज बहुतेक दुर्बिणींस सव्वा इंची नेत्रभिंगें बसतात. जुन्या व खेळण्यांतल्या दुर्बिणींस त्याहून बारीक, २४.५ मिलिमीटरचीं लागतात, आणि त्यांत निवडीस वाव फार थोडा.

शक्य तर विकत घेण्यापूर्वीं दुसऱ्याचें लावून पाहावें. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांस एकत्र आणीत आहे. अशीं मंडळें आतां इतर शहरांतहि आहेत. तेथें जातांना आपली दुर्बीण घेऊन जावें, कारण दुसऱ्याच्या आरशावर शोभणारें नेत्रभिंग आपल्या आरशावर शोभेलच असें नाहीं. परीक्षेसाठीं अभिजित् ताऱ्याजवळचा जोडजोडतारा पाहावा : साध्या डोळ्यास एक, लहान दुर्बिणींत दोन, आणि दीडशें पटींच्या आसपास दोहोंचे चार होतात. चारांमध्यें काळी रेघ स्वच्छ दिसली तर नेत्रभिंग, आरसा व हवा तिन्हीं ठीक आहेत असें समजावें. शनीविषयीं म्हणाल तर २०२५ च्या मार्चमध्यें त्याचीं कडीं आपल्याकडे कडेवर आलीं होतीं. आतां तीं वर्षावर्षानें उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास पूर्ण उघडतील. दुर्बीण घेऊन ठेवण्यास हा काळ वाईट नाहीं.

दोन शब्द निगेविषयीं. आपल्याकडील, विशेषतः कोंकणांतील, पावसाळ्यांत नेत्रभिंगांच्या कांचेवर बुरशी चढते, आणि ती एकदां लेपांत शिरली कीं निघत नाहीं. म्हणून नेत्रभिंगें हवाबंद डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीं. धूळ रबरी फुग्याच्या वाऱ्यानें उडवावी. सदऱ्याच्या टोकानें कधींहि पुसूं नये. आणि सूर्याकडे दुर्बीण रोखून कोणत्याहि नेत्रभिंगांतून कधींहि पाहूं नये. नेत्रभिंगावर बसवावयाच्या काळ्या कांचा मिळतात, त्या तापून तडकतात. त्यांवर विश्वास टाकूं नये. एका क्षणांत गेलेली दृष्टि कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं.

श्रोतेहो, यंदा आपल्यापैकीं कोणी घरांतील मुलासाठीं दुर्बीण आणणार असेल, तर खोक्यावरील मोठा आंकडा वाचूं नका. आरशाचा किंवा भिंगाचा व्यास विचारा, नेत्रभिंगांचीं केंद्रांतरें विचारा, आणि भागाकार तेथेंच करा. मुलाकडून करून घेतलात तर अधिक उत्तम. मग पहिल्या रात्रीं सर्वांत लहान वर्धनाचें नेत्रभिंग लावून चंद्र दाखवा, आणि मोठ्याकडे जावयाचें तें हवा अनुमति देईल तितकेंच जा. मूल "दिसलें" म्हणाल्यावर घाईनें पुढें जाऊं नका. त्याच्या हातीं कागद द्या. त्यानें काढलेली रेघ वांकडी असली तरी चालेल. ती त्यानें स्वतः पाहिलेली असावी.